आरसे अकरा

झेफेरिनोच्या सायकलीला आरसे अकरा.
मागून येणारा ट्रक त्यातल्या एकातही दिसत नाही.
दिसतो तो झेफेरिनो,
अकरा वेळा, भांग पाडलेला.

मी त्याच्या मागच्या गादीला झालर लावतेय
आणि तो दारात उभा राहून माझा जीव खातोय.
"दोना सेलेस्तिना, पाचला धक्क्यावर पोचायचंय."
मग पोच की. धक्का कुठे पळतोय?
पळते ती नदी,
आणि तीही भरतीला परत येते.

आमच्या केलिमानेत चढ नाही.
सगळं गाव ताटासारखं सपाट,
म्हणून मोटारींपेक्षा सायकली जास्त
आणि सायकलींपेक्षा त्यांचे लाड जास्त.
आठवडाभर हीच पोरं टॅक्सी चालवतात.
मागे कुणाची तरी मावशी, मावशीच्या मांडीवर कोंबडी,
किंवा नारळाचं पोतं,
किंवा दवाखान्याला निघालेली पोटुशी बाई, खड्डे मोजत.
रविवारी गादी रिकामी.
रविवारी सायकल मालकीण
आणि पोरगा तिचा नोकर.

इलिदियोने आऱ्यांमध्ये जुन्या सीड्या अडकवल्यात,
ऊन लागलं की मिठाच्या गोदामाच्या भिंतीवर
रंगांचे तुकडे धावतात
आणि त्यांच्यामागे गल्लीतली सगळी कुत्री.
आबाकारच्या मडगार्डावर रंगवलंय:
उधारी मागू नका, ब्रेक नाहीत.
खरंच नाहीत. चपलेने थांबतो.
दर महिन्याला चप्पल नवी,
ब्रेकला मात्र पैसे नाहीत म्हणे.

धक्क्यावर शर्यत लागते, हळू जाण्याची.
भरकन गेलं तर बघणार कोण?
पाय टेकला तो बाद.
चाक जागच्या जागी थरथरतं,
झालरी हलत नाहीत,
वीस-बावीस वर्षांची दांडगी पोरं
श्वास धरून, दूध उतू जाईल अशा नजरेने
पुढच्या वीतभर रस्त्याकडे बघत राहतात.
मी एकदाच गेले होते बघायला.
हसू आवरेना म्हणून निघून आले.

गाद्या मी शिवते. आत काथ्या, वर फोम,
त्यावर ज्याच्या त्याच्या पसंतीचं कापड:
मासे, मोर, छत्र्या, एकाला तर नुसते डोळेच हवे होते.
आसान मात्र घरचंच कापड घेऊन आला,
कडेला हळदीचा डाग पडलेलं,
बायको गेल्याला तेव्हा चाळीस दिवस झाले होते.
म्हटलं, यावर कुणीही बसेल रे, पैसे देऊन.
"बसू दे," म्हणाला, "तिला माणसं लागायची."
डाग मी आत दुमडला नाही.

परवा मापं घेता घेता झेफेरिनोला सहज म्हटलं,
मीही तीस वर्षं पायडल मारतेय.
या मशीनला रस्ता मिळाला असता
तर बैरा केव्हाच मागे पडलं असतं,
समुद्रही ओलांडला असता,
आणि बघ, अजून याच दारात, याच गोदामासमोर.
तो हसला नाही. मान तिरकी करून
मशीनकडे बघत राहिला,
गिऱ्हाइकाकडे बघावं तसा.

सोमवारी कुलूप काढलं.
मशीनच्या चाकाला निळ्या फिती,
उजव्या हाताला घंटी,
मागे लाल दिवा, कुठल्या तरी अपघाताचा, कोपरा उडालेला,
आणि पायडलाखाली रबरी पट्टी. तिच्यावर
अजून ओल्या रंगात:
सांभाळून, पुढे दोना सेलेस्तिना आहे.

खूप बोलले मी. दिवसभर बोलले.
फितीत दोरा अडकला तर? लुगड्याएवढ्या कापडाला रंग लागला तर?
किल्ली कुणी दिली तेही मला ठाऊक आहे,
त्या कार्टीला रात्री बघून घेतलं.
घंटी तेवढी ठेवली,
गिऱ्हाईक फार वेळ बोलायला लागलं की वाजवते.

आणि डाव्या कोपऱ्यात एक आरसा,
वाटोळा, काठाला गंजलेला.
त्यात मागचं काही दिसत नाही.

झेफेरिनोच्या सायकलीला आता आरसे दहा.